ताईची अर्जदार

माझी थोरली बहीण वकील होती आणि ती भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करत नसे. भाव पटला तर घ्यायची, नाही पटला तर रिकामी पिशवी हलवत घरी यायची, आणि मग त्या दिवशी आम्ही सगळे भाजीशिवाय जेवायचो. तडजोड हा शब्द आमच्या घरात शिवी म्हणून वापरला जायचा. मी लग्नात रुसून बसलेल्या मेहुण्याशी जुळवून घेतलं तेव्हा ती मला महिनाभर तडजोड्या म्हणत होती.

आमचे वडील कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारांवर जप्तीच्या आणि घर खाली करायच्या नोटिसा चिकटवायचं त्यांचं काम. खळीचा डबा आणि ब्रश ते संध्याकाळी घरी आणत आणि त्याच खळीने आम्ही भावंडं वह्यांना कव्हरं घालत असू. एकदा त्यांनी ताईच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या दारावर नोटीस लावली. मैत्रीण दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही, नंतरही आली नाही. ताईने वडिलांशी अबोला धरला. ते म्हणाले, मी नाही लावली तर दुसरा लावेल. तेव्हाच आपण वकील व्हायचं ठरवलं, असं ताई पुढे भाषणांत सांगायची. मला विचाराल तर तिला भांडायला आवडायचं, आणि भांडण्याबद्दल लोकांनी मान द्यावा असा धंदा तिला दुसरा दिसला नाही.

आमच्या इमारतीत खाली माझं चष्म्याचं दुकान आणि वर तिचं ऑफिस. वर जायचा जिना दुकानातूनच होता, त्यामुळे तिचे सगळे पक्षकार आधी माझ्या बाकावर बसायचे. कारखान्यात ज्यांना वेगळ्या नळावर पाणी प्यायला लावायचे ते. कुठल्या वस्तीत राहता हे कळल्यावर ज्यांना घर भाड्याने मिळायचं नाही ते. पोलिसांनी उचलून नेलेल्यांचे भाऊ आणि आया. ही माणसं तासन् तास माझ्या कपाटातल्या फ्रेम्सकडे बघत बसायची आणि खरं गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. मी कुरकुर केली की ताई म्हणायची, तुला लोकांचे डोळे तपासायचेत ना, मग हे बघ.

तिची काम करायची एक पद्धत होती, ती आधी सांगायला हवी. अशा केसमध्ये अन्याय शेकडो लोकांवर झालेला असतो, पण अर्ज कुणा एकाच्या नावाने करावा लागतो. तो एक कोण, हे ताई ठरवायची आणि त्यात तिचा हातखंडा होता. ज्याला सगळ्यात जास्त मार बसलाय त्याला ती घ्यायचीच नाही. मार खाल्लेला माणूस चिडका असतो, कधी पितो, कधी त्याच्या नावावर एखादी जुनी मारामारी असते, आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला ती उकरून काढतो. ताईला धुतल्या तांदळासारखा माणूस लागायचा. शांत, नीटनेटका, विचारलं तेवढंच बोलणारा, तारीख न चुकवणारा. मी एकदा म्हणालो, तू अर्जदार शोधतेस की सून? तेव्हा ती खळखळून हसली होती. तेव्हा ती हसायची.

एके दिवशी लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, चष्मा द्या, म्हणाली. मी मुलीला खुर्चीत बसवून समोर अक्षरांचा तक्ता लावला. तिने अगदी शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली आणि वर तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं, जे तिथे आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी तिच्या आईला म्हणालो, डोळे उत्तम आहेत, हिला फळा का दिसू नये? आई मुलीकडे बघायला लागली.

"आमच्या वर्गात दिवा नाही," मुलगी म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पालिकेच्या शाळेत नाल्यापलीकडच्या वस्तीतली मुलं वेगळी बसवायचे. शाळेच्या मागे मोडक्या बाकांची एक खोली होती, वर छताजवळ एक झरोका, बस्स. सगळ्या इयत्ता तिथेच. त्यांना शिकवणाऱ्या मास्तरांकडे भांडाराच्या किल्ल्याही होत्या, त्यामुळे कुणाला खडू हवा असला की शिकवणं थांबायचं. त्या खोलीला 'तयारी वर्ग' म्हणत. ही मुलं अभ्यासात मागे आहेत, तयारी झाली की मुख्य वर्गात घेऊ, असं शाळा म्हणे. मुलं पहिलीत तिथे शिरायची आणि शाळा सुटेपर्यंत तयारीच करत राहायची. मुख्य वर्गात नाल्यापलीकडचं एक मूल नव्हतं आणि तयारी वर्गात नाल्याअलीकडचं एक नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी दोघींना जिना दाखवला.

ताईने मुलीकडे एकदा पाहिलं आणि मला कळलं, हिला हवं ते सापडलं. युनिफॉर्म जुना, पण आई इस्त्रीवाली, त्यामुळे घडी अशी की बघत राहावं. केस चापून बसवलेले. विचारलं तेवढंच उत्तर. वस्तीतल्या बाकी घरांतली माणसं पालिकेतच सफाईला होती, सही केली तर नोकरी जायची, म्हणून कुणी पुढे येईना. इस्त्रीवाली खाजगी लाँड्रीत होती. तिने सही करायच्या आधी एकच गोष्ट विचारली, पोरगी उजेडात बसेल ना? ताई म्हणाली, बसेल.

घरात त्या मुलीचं नाव 'अर्जदार' पडलं. कोर्टाच्या तारखेला ती युनिफॉर्ममध्ये पहिल्या बाकावर बसायची, कारण न्यायाधीशांच्या नजरेसमोर मूल असलं पाहिजे असा ताईचा नियम होता. कोर्टातून ती आमच्याकडे यायची. माझी बायको विचारायची, तुमची अर्जदार जेवली का? मग ती दुकानात येऊन माझ्या तपासणीच्या दिव्याखाली अभ्यासाला बसायची. गणितं भराभर सोडवायची. मला येत नसलेलं गणित आलं की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायची, हे आमच्याही मास्तरांना येत नाही.

शाळेचा वकील इतका मऊ बोलायचा की ताई त्याला गुळगुळीत म्हणायची. केस उभी राहून बरेच दिवस झाल्यावर एका दुपारी हा गुळगुळीत स्वतः आमचा जिना चढून आला. शाळा तयार आहे, म्हणाला. सोमवारपासून ही मुलगी मुख्य वर्गात, पहिल्या रांगेत बसेल. लेखी देतो. बाकीच्या मुलांबद्दल अवाक्षर नाही. आणि अर्थातच, मुलीची तक्रार मिटली की अर्ज निकाली निघेल आणि खोली तशीच राहील.

ताईने लाँड्रीत निरोप धाडला. इस्त्रीवाली हातातलं काम टाकून आली, मुलगी शाळेतून सरळ आली. सगळं बोलणं माझ्या दुकानातच झालं. मी एका फ्रेमचा स्क्रू पिळत होतो. ताईने प्रस्ताव सांगितला तेव्हा त्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यानंतर पुन्हा कधी पाहिलं नाही.

"मग सोमवारपासून पाठवू?" तिने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "तसं करता येत नाही. अर्ज एकदा दाखल झाला की मधेच असं काही घ्यायला कायद्याची परवानगी नाही."

"आम्ही हो म्हटलं तरी?"

"तरीही नाही."

इस्त्रीवालीने मान हलवली. कायदा म्हटल्यावर ती काय बोलणार? मी स्क्रू पिळत राहिलो. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि ताईला सगळं कळतं हे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. मुलीने फक्त विचारलं, तिथे दिवा तरी लावतील का? ताई म्हणाली, त्यासाठी आपण वेगळा अर्ज करू. केलाही. तो पुढे मोठ्या अर्जात विलीन झाला, म्हणजे बुडाला.

पुढच्या वर्षी पेपरात बातमी वाचून एका खाजगी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मुलीला फुकट शिकवतो, म्हणाल्या. ताईने त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. मुलीने ती खोली सोडली की नुकसान उरत नाही, नुकसान उरलं नाही की केस उरत नाही. हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं, अगदी समजावून. माझ्या बायकोने ताट पुढे सारलं.

"ती पोरगी आहे की खुंटी, तुमची केस टांगायला?" ती म्हणाली.

ताई चिडली नाही. तिने शांतपणे सांगितलं की अशा खोल्या एका शाळेत नाहीत, गावोगाव आहेत, हजारो मुलं त्यात बसली आहेत, आणि आज एकीला बाहेर काढलं तर बाकीच्यांचं दार कायमचं बंद होईल. यातलं काहीही खोटं नव्हतं. म्हणूनच माझी बायको उठून आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात वाजवत राहिली.

तारखा पडत गेल्या. न्यायाधीश बदलले. गुळगुळीतचे केस पांढरे झाले, आवाज आणखी मऊ झाला. तयारी वर्गातली बाकीची मुलं एकेक करून शाळा सोडून कामाला लागली. अर्जदार मात्र बसून राहिली, कारण ती उठली असती तर केस उठली असती. एकही दिवस चुकवला नाही. आजारी असली तरी आई हाताला धरून पोचवायची, कारण वकीलबाईंनी हजेरी महत्त्वाची आहे म्हणून सांगितलं होतं. माझ्या दिव्याखाली ती येत राहिली, पण पुस्तकं अवघड होत गेली आणि मी काही मास्तर नव्हे. गणितापुढे हताश होऊन आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. शेवटच्या परीक्षेत ती गणितात आणि विज्ञानात नापास झाली. विज्ञान हा विषय तयारी वर्गात कुणी शिकवलाच नव्हता. तिने पुन्हा परीक्षेला बसावं म्हणून मी तिच्या मागे लागलो. ती हो हो म्हणाली आणि आईशेजारच्या टेबलावर इस्त्री धरून उभी राहिली.

निकाल लागला तेव्हा ती चांगली मोठी बाई झालेली होती. गुळगुळीतने शेवटचा डाव टाकला होता, की मुलीने शाळा सोडून जमाना झाला, आता तक्रार कसली? न्यायमूर्तींनी तो खोडून काढला. त्यांनी लिहिलं की ही मुलगी शेवटच्या दिवसापर्यंत त्याच खोलीत बसली, तिचं नुकसान पूर्ण झालेलं आहे आणि ते आता भरून येणारं नाही, म्हणूनच हा प्रश्न जिवंत आहे. मी ते वाक्य वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. मुलगी वाचली असती तर केस मेली असती, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्या निकालाने गावोगावच्या खोल्यांना कुलपं लागली. ही गोष्ट लहान नाही आणि मी ती लहान करणार नाही. ताईचे सत्कार झाले, पुष्पगुच्छ आले, पेपरात फोटो आले. फोटोत ताईच्या शेजारी अर्जदार उभी आहे, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, आणि कॅमेऱ्याकडे न बघता कुठेतरी खाली बघते आहे. निकाल तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला. कायद्याची मुलं तो पाठ करतात. कॉलेजातून घोळके यायचे, आमच्या जिन्याचे फोटो काढायचे आणि ती कुठे असते म्हणून विचारायचे. ताई प्रत्येक भाषणात तिच्या धैर्याबद्दल बोलायची. निकालाचं पहिलं पान तिने मोठ्या फ्रेममध्ये घालून आपल्या खुर्चीमागे लावलं. ती फ्रेम मीच करून आणली होती.

आणि त्याच सुमारास आमचे कपडे दुसऱ्या लाँड्रीत जायला लागले. माझ्या बायकोने कारण विचारलं तर ताई म्हणाली, ती जवळ पडते. पडत नव्हती. कोर्टातून येताना ती लाँड्रीचा रस्ता टाळून वळसा घालून यायची, गुडघे दुखत असताना. इस्त्रीवाली गेली तेव्हा मी आणि बायको जाऊन आलो. ताईला त्या दिवशी बाहेरगावी भाषण होतं.

खोल्या बंद झाल्या म्हणून शाळा काही सुधारल्या नाहीत. त्यांनी पाळ्या काढल्या. सकाळची पाळी अलीकडच्यांची, दुपारची पलीकडच्यांची, आणि सगळे चांगले मास्तर सकाळी. ताईच्या ज्युनियर मंडळींनी नवी केस उभी केली, ताईच्याच पद्धतीने, एक गोड, चुणचुणीत, नीटनेटकी मुलगी शोधून. ताई तोवर म्हातारी झाली होती, पण वकीलपत्र तिचंच. आणि इतिहास काय नवं सुचवणार? शाळेकडून प्रस्ताव आला. या मुलीला सकाळच्या पाळीत घेतो, मिटवून टाका.

ताईने मुलीच्या बापाला बोलावून काय काय होऊ शकतं ते दोन्ही बाजूंनी सांगितलं आणि तुम्हाला काय हवं म्हणून विचारलं. तो म्हणाला, मला माझी पोर सकाळी शाळेत जायला हवी. ताईने तिथल्या तिथे सही केली. केस संपली. ज्युनियर पोरं खवळली. तुमच्या निकालाच्या जोरावर आम्ही उभे राहिलो आणि तुम्हीच पाय ओढला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी ताई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. त्यातल्या एकीने ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली आणि ती पुन्हा आली नाही. बाहेर बोभाटा झाला की म्हातारी विकली गेली. मला मात्र तिचा अभिमान वाटला. आयुष्यात एकदा तरी हिने कुणाला काय हवं ते विचारलं, असं मी बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, थांबा जरा.

तो बाप कपडे इस्त्रीला द्यायचा ते अर्जदारच्याच टेबलावर. आनंदात त्याने तिला सगळं सांगितलं असणार.

दुपारची वेळ होती. ती दुकानात आली तेव्हा मला वाटलं, चष्म्याचं काही असेल. आता तिला खरोखरच चष्मा होता, मीच दिलेला, इस्त्री करताना जवळची शिवण दिसायला. तिने बाई वर आहेत का विचारलं. मी तिच्याबरोबर वर गेलो, कारण तिचा चेहरा पाहून मला ताईला एकटं सोडवेना.

ताई खुर्चीत बसली होती, मागे ती फ्रेम. तिला बघून ताई उठायला गेली, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. बस म्हणाली. ती बसली नाही.

"त्या मुलीला घेता आलं," ती म्हणाली.

"हो," ताई म्हणाली.

"मग मलाही घेता आलं असतं. तेव्हा."

ताईकडे उत्तरं होती. कोर्टात तिला कधी उत्तर कमी पडलेलं मी पाहिलं नाही. हजारो मुलं, बंद झालेल्या खोल्या, पुस्तकांत छापला गेलेला निकाल, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर असेल. मला भीती वाटत होती की ती आता हे बोलेल, आणि बोलली असती तर मी तिच्याशी आयुष्यात पुन्हा बोललो नसतो.

"आलं असतं," ताई म्हणाली. "तुझ्या आईला मी खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ती हो म्हणाली असती."

इतकी वर्षं मी तो कायदा खरा धरून चाललो होतो. खाली दुकानात, त्याच बाकाशेजारी, मी स्क्रू पिळत ते ऐकलं होतं.

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडणारी असती तर ताईने तिला निवडलंच नसतं.

"आई शेवटपर्यंत म्हणायची," ती म्हणाली, "कायदाच तसा होता, बाई तरी काय करणार."

ताईने मान खाली घातली. अर्जदार भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत होती. मग तिने पुढे होऊन काचेवर, जिथे तिचं स्वतःचं नाव छापलेलं होतं तिथे, बोट ठेवलं.

"हे काढता येतं का?" तिने विचारलं. "सगळीकडून. पुस्तकांतून वगैरे."

ताईने खूप विचार केला. मी तिला ओळखतो, ती मनातल्या मनात कलमं चाळत होती, एखादी पळवाट सापडावी म्हणून जिवाचं रान करत होती.

"नाही," शेवटी ती म्हणाली. "हे करता येत नाही."

"खरंच?"

"खरंच."

तिने माझ्याकडे पाहिलं. ताई खरं बोलते आहे की नाही हे तिला माझ्याकडून हवं होतं, आणि मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. ती जिना उतरून लाँड्रीत कामाला निघून गेली.

हे सगळं लिहिताना मी तिचं नाव कुठेही येऊ दिलेलं नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.